बुद्धाच्या देशात भिक्खू दंगलीत कसे उतरले? म्यानमारबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनतीनदा वाचला. तुम्ही बौद्ध घरातले. लहानपणापासून विहारात जाता, वंदना आणि पंचशील तोंडपाठ आहे. कॉलेजात एका मित्राने मोबाईलवर म्यानमारचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, ‘तुमचा धम्म शांतीचा ना? मग हे चीवरधारी काय करतायत?’ तुम्हाला तेव्हा काही बोलता आलं नाही. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. ते खरे बौद्ध आहेत का? हे सगळं पाश्चात्त्य माध्यमांनी फुगवलंय का? आणि त्या मित्राला काय सांगायचं?

मी पालीची अभ्यासक नाही. जातीय हिंसेच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. दंगल शमली की त्या गावी जायचं, दोन्हीकडच्या माणसांचं म्हणणं उतरवून घ्यायचं, जळालेल्या घरांचा नकाशा काढायचा, कोणत्या वेळी कोण कुठे होतं ते जुळवून बघायचं. यातली बरीच वर्षं म्यानमारमध्ये आणि सीमेपलीकडच्या बांगलादेशातल्या छावण्यांत गेली. त्यामुळे माझं उत्तर ग्रंथापेक्षा रस्त्यावरून सुरू होतं, हे आधीच सांगते.

माध्यमांचा प्रश्न आधी संपवू. फुगवलेलं नाही. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या, म्हणजे पश्चिम म्यानमारमधले मुसलमान, नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने छावण्यांत केलेल्या पाहणीत पहिल्या एका महिन्यातच किमान ६,७०० माणसं हिंसेत मारली गेल्याचा अंदाज निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अंशतः किंवा पूर्ण जळालेली ३९२ गावं मोजली. मी स्वतः ज्यांची जबानी लिहून घेतली, त्यांच्या गावांची नावं त्या नकाशांवर सापडली. तेव्हा ‘खोटं आहे’ हे उत्तर मित्राला देऊ नका.

पण त्या व्हिडिओत नेमकं काय होतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘म्यानमारमधली मुस्लिमविरोधी हिंसा’ असं आपण एका दमात म्हणतो, तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक, मेइक्तिला, मंडाले अशा मध्य भागातल्या शहरांतल्या दंगली. तिथले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या बर्मी बोलणारे, कागदोपत्री नागरिक असलेले. दोन, पश्चिमेच्या राखाइन प्रांतात राखाइन बौद्ध आणि रोहिंग्या यांच्यातला जमिनीचा, संख्येचा आणि जुन्या जखमांचा झगडा. आणि तीन, २०१७ची लष्करी मोहीम. पहिल्या प्रकारात भिक्खू थेट दिसतात. दुसऱ्यात स्थानिक राजकारणी आणि गावकरीही तेवढेच असतात. तिसऱ्यात गावं जाळणारे मुख्यतः गणवेशातले होते. छावणीतल्या एका बाईने मला सांगितलं होतं की तिच्या गावात आलेल्यांपैकी तिच्या ओळखीचा एकच जण होता, शेजारच्या वस्तीतला. बाकी सगळे सैनिक. तो एकजण मात्र तिच्या मनातून जात नव्हता.

आता मुळाशी जाऊ. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले आहात असं लिहिलंय, म्हणजे थिबा पॅलेस तुम्ही पाहिलाच असेल. आपण तिथे सहलीला जातो आणि ‘ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे ठेवलं होतं’ एवढं ऐकून परत येतो. म्यानमारच्या आजच्या रोगाचं एक मूळ त्या वाड्यापाशी आहे, असं मी मानते.

थिबाचे वडील मिंडोन यांनी १८७१ साली मंडालेत पाचवी धम्मसंगीती, म्हणजे धम्मग्रंथ तपासून पक्के करण्याची भिक्खूंची सभा, भरवली होती. सगळं त्रिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा पाली संग्रह, ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतलं. त्या शिला आजही मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्यात उभ्या आहेत. त्या व्यवस्थेत राजा हा भिक्खूसंघाचा पोशिंदा होता आणि शिस्त लावणाराही. संघाचा प्रमुख तो नेमायचा, विनय, म्हणजे संघाचे नियम, मोडणाऱ्या भिक्खूला जाब विचारायचा. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी थिबाला मंडालेतून उचललं, आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं. डिसेंबर १९१६मध्ये तो इथेच वारला. इंग्रजांनी त्याची गादी घेतली, पण धर्माची जबाबदारी घेतली नाही. धर्मात आपण पडत नाही, म्हणाले. आपल्याला हे तटस्थपणाचं वाटेल. बर्मी माणसाला ते छप्पर उडाल्यासारखं होतं. राजा गेला, आता सासन कोण राखणार?

‘सासन’ हा शब्द नीट धरा, कारण पुढचं बरंच काही त्याच्यावर उभं आहे. पालीत सासन म्हणजे बुद्धाची शिकवण आणि ती जगात टिकून असण्याची अवस्था. बर्मी उच्चार ‘थाथना’. अट्ठकथांच्या, म्हणजे त्रिपिटकावरच्या जुन्या भाष्यांच्या, परंपरेत सासन पाच हजार वर्षं टिकेल आणि हळूहळू क्षीण होत जाईल, असं मानलं जातं. म्हणजे ते संपणार आहे हे गृहीतच आहे. प्रश्न फक्त कधी आणि कुणामुळे एवढाच. १९५६ साली जगभर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षं साजरी झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. आपल्यासाठी ती सुरुवात होती. बर्मी हिशोबात तो निम्मा टप्पा होता, तिथून पुढे उतरण. एकाच वर्षाकडे पाहणाऱ्या या दोन नजरा आहेत, आणि तिकडचा भिक्खू कशाला घाबरतो हे महाराष्ट्रातल्या बौद्धाला चटकन का कळत नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं.

मंडालेत मी एका वयस्क उपासिकेकडे काही आठवडे राहत होते. पहाटे उठून ती भिक्खूंसाठी भात रांधायची, दारात अनवाणी उभी राहून प्रत्येकाच्या पात्रात डाव घालायची. मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसली. तीच बाई एके दिवशी म्हणाली, मुसलमानाच्या दुकानातून मी काही घेत नाही, आपल्या मुली पळवतात. मी वाद घालायला लागले तेव्हा तिने शांतपणे विचारलं, ‘तुमच्या देशात बुद्ध जन्मला. मग तुमच्या देशातून धम्म कसा गेला?’ पुढे तिनेच नालंदाचं नाव घेतलं. मग बामियानच्या मूर्तींचं, मग इंडोनेशियाचं. मुसलमान आले तिथून धम्म गेला, असा रोख. ही यादी मी नंतर प्रवचनांच्या सीडींमध्ये, चहाच्या टपऱ्यांवर, टॅक्सीत, सगळीकडे ऐकली. त्यातलं काही अर्धवट आहे, काही चुकीचं जोडलेलं आहे, पण सगळंच काल्पनिक नाही. बामियानच्या मूर्ती तालिबानने २००१ साली खरोखर फोडल्या. बांगलादेशातल्या रामू गावात सप्टेंबर २०१२मध्ये फेसबुकवरच्या एका चित्राचं निमित्त करून जमावाने बुद्धविहार खरोखर जाळले. तिच्या मनातल्या भीतीला खोटं म्हणून मी हरले. ती भीती कुणी, कशासाठी वापरली हे विचारायला लागल्यावर मला रस्ता सापडला.

राजा गेल्यानंतर सासन राखायचं काम लोकांनी स्वतःकडे घेतलं. १९०६ साली रंगूनमध्ये तरुण बौद्धांची संघटना निघाली, पॅगोड्यात बूट घालून जाणाऱ्या गोऱ्यांविरुद्ध चळवळ झाली. पुढारी म्हणून भिक्खू पुढे आले. त्यातले भिक्खू उत्तमा हे अक्याबचे, म्हणजे आजच्या सित्वेचे. ते काँग्रेसच्या विचाराने भारलेले होते, अनेकदा तुरुंगात गेले, आणि १९३५ साली आपल्याकडच्या हिंदू महासभेचे अध्यक्षही झाले. भिक्खू विसारा १९२९ साली तुरुंगात १६६ दिवसांच्या उपोषणानंतर वारले. या माणसांबद्दल मला आदर आहे. पण याच काळात ‘अम्यो, बाथा, थाथना’ ही तीन शब्दांची घोषणा घडली: वंश, धर्म-भाषा, सासन. तिन्ही एका दोरीत बांधले गेले. ज्या धम्मात जन्मावरून माणूस मोजायला मनाई आहे, त्याच्या रक्षणाची अट म्हणून वंश पुढे आला. गाठ तिथे पडली.

आणि समोर होते आपण, म्हणजे भारतीय. इंग्रजांनी ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच एक प्रांत करून टाकला होता. १९३१च्या सुमाराला रंगूनमध्ये निम्म्याहून अधिक लोक भारतीय वंशाचे होते. मंदीत कर्जं थकली आणि १९३०च्या दशकाअखेर मुख्य भातपिकाच्या जिल्ह्यांतली सुमारे चौथा हिस्सा जमीन तमिळ चेट्टियार सावकारांकडे गेली. १९३०च्या मे महिन्यात रंगूनच्या गोदीत जी पहिली मोठी कत्तल झाली, तिच्यात मारले गेलेले शंभराहून अधिक लोक बहुतेक तेलुगू हमाल होते, हिंदू. १९३८ साली एका मुसलमान लेखकाच्या पुस्तकात बुद्धाची निंदा आहे म्हणून रंगूनमध्ये दंगल पेटली आणि तिच्यात रोख मुसलमानांवर वळला. भारतीय वंशाच्या माणसाला दिली जाणारी ‘कला’ ही बर्मी शिवी तेव्हाही होती, आजही आहे. तिच्यात हिंदू, मुसलमान, तमिळ, बंगाली सगळे येतात. काही मराठी लोक मला सांगतात की बर्मी बौद्धांनी मुसलमानांना बरोबर ओळखलंय. त्यांना मी हा १९३०चा मे महिना आठवण करून देते.

राखाइनचा भाग थोडक्यात सांगते, नाहीतर हे उत्तर संपणार नाही. राखाइन, म्हणजे जुनं अराकान, हे स्वतंत्र राज्य होतं. ते १७८४-८५मध्ये बर्मी राजाने जिंकलं आणि तिथली पूज्य महामुनी मूर्ती उचलून नेली, ती आज मंडालेत आहे. म्हणजे राखाइन बौद्धांचं जुनं दुखणं बर्मी बौद्धांशीही आहे. १९४२ साली जपानी आले तेव्हा राखाइन बौद्ध बहुतांशी त्यांच्या बाजूला गेले आणि उत्तरेतल्या मुसलमानांना इंग्रजांनी शस्त्रं दिली; दोन्हीकडची गावं साफ झाली. १९६२च्या लष्करी उठावानंतर १९७८मध्ये दोन लाखांवर आणि १९९१-९२मध्ये सुमारे अडीच लाख रोहिंग्या हाकलले गेले. या दोन हकालपट्ट्यांच्या मधे, १९८२ साली, नागरिकत्वाचा कायदा आला. १८२३पूर्वी देशात असलेल्या जमाती तेवढ्या मूळच्या, असं त्याने ठरवलं आणि रोहिंग्यांना त्या यादीबाहेर ठेवलं. कागद नसलेल्या माणसाला लग्नालाही परवानगी लागायची, दुसऱ्या गावी जायलाही. हे सगळं मुस्लिमविरोधी भाषणांनी गाजलेल्या भिक्खू विराथूचं नाव कुणी ऐकण्याच्या आधीचं आहे.

आता विराथूकडे येऊ, कारण बहुधा तोच तुमच्या व्हिडिओत असणार. २००३ साली त्याच्या भाषणांनंतर झालेल्या दंगलीसाठी त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०१२च्या माफीत तो सुटला. त्याच वर्षी राखाइनमध्ये जून आणि ऑक्टोबरमध्ये हिंसा झाली आणि सुमारे १,४०,००० माणसं, बहुतेक मुसलमान, छावण्यांत ढकलली गेली. विराथूने ‘९६९’ची मोहीम गाजवली. बुद्धाचे नऊ गुण, धम्माचे सहा, संघाचे नऊ. आपण वंदनेत ‘इति पि सो भगवा’ म्हणतो तेच ते गुण. मुसलमान खानावळींवर ‘७८६’ लिहिलेलं असायचं, त्याला उत्तर म्हणून बौद्ध दुकानांवर ९६९चे स्टिकर लागले. सात, आठ, सहा मिळून एकवीस होतात, म्हणजे एकविसाव्या शतकात मुसलमान देश ताब्यात घेणार, असा हिशोब गंभीरपणे सांगितला जायचा. खरा हिशोब असा होता: १९८३च्या जनगणनेत मुसलमान ३.९ टक्के, २०१४च्या जनगणनेत, मोजायचे राहिलेले रोहिंग्या धरूनही, ४.३ टक्के. बौद्ध सुमारे ८८ टक्के. सरकारने धर्माचे हे आकडे जुलै २०१६पर्यंत दाबून ठेवले होते. भीतीचा बाजार भरात असताना उतारा त्यांच्या कपाटात होता.

पण विराथूपाशी थांबलात तर चूक होईल. त्याहून मोठी, आणि मला जास्त विचारात पाडणारी संघटना होती ‘मा बा था’: त्याच तीन शब्दांची आद्याक्षरं. तिच्यातले सगळे भिक्खू विराथूसारखे नव्हते. गावोगावी मुलांसाठी रविवारच्या धम्मशाळा, पुरात मदत, रक्तदान, बायकांना कायद्याचा सल्ला. ज्या देशात सरकारने पन्नास वर्षं गरिबाकडे पाहिलं नाही, तिथे ही कामं करणाऱ्याच्या शब्दाला वजन येणारच. मी ज्या बायकांशी बोलले, त्यातल्या कितीतरींना मुसलमानांबद्दल फारसं काही म्हणायचं नव्हतं. त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सभेत बोलायला बोलावलं होतं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकात विचारलंय की भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक, आणि आशा समाजसेवकाकडे लावली आहे. मी त्या वाक्यावर वाढलेली आहे. मंडालेत मला कळलं की समाजसेवक भिक्खूलाही पुढचा प्रश्न विचारावा लागतो: तुमच्या समाजात कोण बसतं आणि कोण बसत नाही? मा बा थाने जोर लावून २०१५मध्ये चार कायदे करून घेतले. धर्मांतराला सरकारी मंजुरी, बौद्ध स्त्रीने परधर्मीयाशी लग्न करण्यावर अटी, एकपत्नीत्व, आणि काही भागांत दोन बाळंतपणांत अंतराची सक्ती. त्या वर्षीच्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षानेही एकसुद्धा मुसलमान उमेदवार दिला नाही.

दंगलीची नोंद करताना मी काय बघते, ते इथे सांगते, कारण ‘भिक्खूंनी केलं की सरकारने’ याचं उत्तर त्यातून मिळतं. मी विचारते: अफवा कुठून आली? जमाव पायी आला की गाड्यांतून? आणि त्या वेळी पोलीस कुठे उभे होते? मेइक्तिलात २० मार्च २०१३ला सोनाराच्या दुकानात भांडण झालं. संध्याकाळी एका भिक्खूला मुसलमान जमावाने मोटरसायकलवरून ओढून मारलं. त्यानंतर शहर पेटलं. दुसऱ्या दिवशी एका मदरशातली मुलं आणि शिक्षक पोलिसांच्या देखत मारले गेले. पोलिसांनीच केलेलं चित्रण नंतर बीबीसीने दाखवलं, त्यात ते उभेच दिसतात. तीन दिवसांत चाळीसहून अधिक मेले. मंडालेत जुलै २०१४मध्ये एका चहाच्या दुकानाच्या मुसलमान मालकावर बलात्काराचा आरोप फेसबुकवर आला, विराथूने तो पसरवला, दोन माणसं गेली, एक बौद्ध आणि एक मुसलमान. आरोप खोटा निघाला, हे सरकारनेच नंतर सांगितलं. दंगल चालू असताना सरकारने फेसबुक बंद केलं तशी ती थंडावली. म्हणजे थांबवायचं ठरवलं की थांबवता येत होतं.

फेसबुकबद्दल एवढंच. २०१४पर्यंत सिमकार्ड सामान्य माणसाच्या हाताबाहेर होतं. त्या वर्षी ते दीड डॉलरला मिळू लागलं. देश एका उडीत ऑनलाइन आला आणि ऑनलाइन म्हणजे फेसबुक असंच समजला. त्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीकडे बर्मी मजकूर वाचणारा फक्त एक माणूस होता. आपला वापर हिंसा भडकवायला होऊ नये म्हणून पुरेसं केलं नाही, हे कंपनीने २०१८मध्ये मान्य केलं. तोवर गावं जळून गेली होती.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: धर्मग्रंथात याला आधार आहे का? त्रिपिटकात मला सापडला नाही, आणि माझ्याहून जाणत्या भिक्खूंनाही सापडलेला नाही. उलट संयुत्त निकायातल्या योधाजीव सुत्तात एक सैनिक बुद्धाला विचारतो की रणात मारणारा-मरणारा योद्धा स्वर्गात जातो, हे खरं का? बुद्ध दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की मारण्याच्या इराद्याने लढत मेलेला माणूस दुर्गतीला जातो. तो सैनिक रडतो.

आधार घेतला जातो तो दुसरीकडून. ३० ऑक्टोबर २०१७ला, रोहिंग्यांचे लोंढे अजून नदी ओलांडत असताना, सितगू सयाडो यांनी कायिन प्रांतातल्या लष्करी तळावर अधिकाऱ्यांपुढे धम्मदेसना दिली. हे विराथूसारखे नव्हेत. देशातले अतिशय मान्यवर भिक्खू, रुग्णालयं उभारणारे. त्यांनी ‘महावंस’ या श्रीलंकेच्या बखरीतली गोष्ट सांगितली. दुट्ठगामणी राजा तमिळ राजा एळाराला हरवतो आणि हजारो माणसं मेली म्हणून तळमळतो. आठ अर्हत, म्हणजे मुक्तीला पोचलेले भिक्खू, येऊन त्याचं सांत्वन करतात: तू दीडच माणूस मारलास. एकाने त्रिशरण घेतलं होतं, दुसऱ्याने पंचशील. बाकीचे पशूंसारखे.

‘महावंस’ बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिला गेला. ती बखर आहे, बुद्धवचन नव्हे. त्याच बखरीत एळार न्यायी राजा होता आणि दुट्ठगामणीने त्याच्या अंत्यसंस्काराच्या जागी स्मारक बांधून लोकांना तिथे मान राखायला लावला, हेही आहे. पण सैनिकांच्या हातात त्या दिवशी पडलं ते ‘दीड माणूस’. त्या देसनेचा मजकूर वाचल्यावर त्या संध्याकाळी मला वंदना म्हणवली नाही. जी पंचशीलं आपण स्वतःला आवर घालायला म्हणतो, ती इथे समोरच्याचं माणूसपण मोजायचं माप झाली होती.

म्हणून ‘ते खरे बौद्ध नाहीत’ हे तुमचं मनातलं उत्तर मी स्वीकारत नाही. ते विनयाने दीक्षा घेतलेले भिक्खू आहेत, पहाटे उठतात, सुत्तं म्हणतात. त्यांना बौद्ध नाहीत म्हटलं की आपली सुटका होते आणि प्रश्न तिथेच राहतो. याच मापाने मेइक्तिलातले विथुद्धा सयाडोही खरे बौद्ध आहेत. दंगलीत त्यांनी शेकडो मुसलमानांना आपल्या विहारात घेतलं. जमाव दारात आला तेव्हा यांना न्यायचं असेल तर आधी मला मारा, असं सांगून ते उभे राहिले. आणि सप्टेंबर २००७मध्ये करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, म्हणत रस्त्यावर उतरलेले हजारो भिक्खूही तेच. त्यांनी लष्करशहांपुढे पात्र पालथं घातलं, म्हणजे तुमचं दान आम्ही घेत नाही. बौद्ध समाजात राज्यकर्त्यासाठी याहून मोठी नामुष्की नाही, कारण दान नाही तर पुण्य नाही. लष्कर त्या पालथ्या पात्राला घाबरलं. पुढच्या काही वर्षांत तीच ताकद ‘सासन धोक्यात’ या वाटेने दुसरीकडे वळली, आणि सेनापतींना सासनाचे रक्षक म्हणून मिरवता आलं. सगळं त्यांनीच घडवलं असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्यांनी दार उघडं ठेवलं, याच्या नोंदी माझ्या वह्यांत भरपूर आहेत.

थिबाचं पुन्हा आठवतं. २०१२च्या डिसेंबरात लष्करातून आलेले म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीला वंदन करून गेले. राखाइनमधल्या छावण्या तेव्हा नुकत्या भरल्या होत्या. गेलेल्या राजाची जागा आता लष्कर भरून काढतंय, हे मायदेशी सांगायला यापेक्षा मोठी जागा नव्हती, असं मला वाटतं. माझं हे वाचन चुकीचंही असू शकेल.

१ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर काय झालं ते मित्राला जरूर सांगा. सेनापती मिन आँग लाइंग यांनी पॅगोडे बांधले, मूर्ती घडवल्या, २०२३च्या जानेवारीत विराथूला किताब दिला. आणि त्यांच्याच फौजेने वायव्येकडच्या सगाइंगमधली बौद्ध बर्मी गावं जाळायला सुरुवात केली, तशीच, जशी राखाइनमध्ये जाळली होती. एप्रिल २०२३मध्ये पाझीजी गावावर विमानातून बाँब टाकले, दीडशेच्या वर माणसं मेली, बहुतेक बौद्ध. उठावानंतर कितीतरी बर्मी तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. मला आलेल्या एका निरोपात एवढंच होतं, ‘तुम्ही सांगत होता तेव्हा आम्ही विश्वास ठेवला नाही.’ पण यावरून आता सगळं सुरळीत होईल असं समजू नका. २०२४मध्ये लष्कराने छावण्यांतल्या रोहिंग्या मुलांना जबरदस्तीने भरती करून राखाइनांच्या अराकान आर्मीविरुद्ध उभं केलं, आणि बुथिदाँगमध्ये रोहिंग्यांची वस्ती पुन्हा जळाली.

दुसरी बाजूही झाकू नका. ऑगस्ट २०१७मध्ये पोलीस चौक्यांवर हल्ले करणाऱ्या रोहिंग्या सशस्त्र गटाने, आरसाने, त्याच सुमारास हिंदू गावकऱ्यांची कत्तल केली; अॅम्नेस्टीने त्याची नोंद केली आहे. वाचलेल्यांचे शब्द वाचताना माझा हात थांबला होता. ती कत्तल झाली म्हणून सात लाख माणसांना हाकलणं रास्त होत नाही, आणि सात लाख हाकलले गेले म्हणून ती कत्तल लहान होत नाही.

मग मित्राला काय सांगायचं? मी तुमच्या जागी असते तर आधी सरळ कबूल केलं असतं: हो, हे झालं, आमच्या चीवरातल्या माणसांनी चिथावलं, सैन्याने जाळलं. मग त्याला १८८५पासूनची गोष्ट सांगितली असती, अर्धा तास लागला तरी. त्याने चिडवायला विचारलं असेल तर तो पाच मिनिटांत उठून जाईल. खरंच विचारलं असेल तर बसेल. आणि ‘मुस्लिम तसेच असतात, बर्मी लोकांनी बरोबर केलं’ असं म्हणणारा तिसरा कुणी त्या गप्पांत घुसला, आणि तो आपल्याच विहारातला असला, तर त्याला अडवणं मला मित्राला उत्तर देण्यापेक्षा जास्त निकडीचं वाटतं. मागच्या दोनतीन वर्षांत आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर विराथूची चित्रं ‘बौद्धांचा वाघ’ म्हणून फिरताना मी पाहिली आहेत. ‘न हि वेरेन वेरानि’, वैराने वैर शमत नाही, असं म्हणणाऱ्या घरांत.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढे याच विषयावर काम करायचा विचार आहे. करा. बर्मी शिका, दोन वर्षं लागतील. बांगला आली तर छावणीत अर्धी कामं दुभाष्याशिवाय होतील, कारण रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची आहे. आणि पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेवा: एकात लोक जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, दुसऱ्यात तुम्हाला काय वाटलं ते. एकातलं दुसऱ्यात जाऊ देऊ नका. तुमच्या विहारातले भन्ते तयार असतील, तर योधाजीव सुत्त त्यांच्याकडून एकदा समजून घ्या. मूळ पालीत ते जेमतेम दीड पानाचं आहे.